सतरा आणि अठराच्या मधे

बर्फावर पाय ठेवण्याआधी दमयंती राणानं पाचही जणांची नखं तपासली. शाळेत सोमवारी सकाळी बाई तपासायच्या तशीच, ओळीत उभं करून. फरक एवढाच, की बाई मळ बघायच्या आणि दमयंती निळेपणा बघत होती. हवा विरळ झाली की रक्तात प्राणवायू कमी पडतो आणि ते आधी नखांवर दिसतं.

“माताजी, तुमची जरा निळी आहेत. श्वास लागतोय?”

“एकाहत्तर पूर्ण झाली बाई,” वृंदाताई म्हणाल्या. “साताऱ्याला जिना चढतानाही लागतो.”

“माझी पण बघा,” नागपूरचे देऊळकर हात पुढे करून म्हणाले. “माझी तर काळीच आहेत. लग्न झाल्यापासून.”

“दिवसभर त्या स्कूटरमध्ये बोटं घालून बसाल तर काळीच राहतील,” रजनी देऊळकर म्हणाल्या. “माझ्या माथी नका मारू.”

सुरतेचे दोघे भाऊ हसले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण नवरा-बायकोचं बोलणं कुठल्याही भाषेत कळतं.

दमयंतीनं सगळ्यांच्या बुटांना लोखंडी काटे बांधून दिले, कमरेला पट्टे आवळले आणि पाचही पट्ट्यांतून एकच दोर ओवला. पुढे ती, तिच्या मागे वृंदाताई, मग बाकीचे. वृंदाताईंच्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली, औषधं, सुती शाल आणि एक जाड लिफाफा होता. लिफाफ्यात एक अर्ज होता. त्याचे सगळे रकाने त्यांनी सुवाच्य अक्षरात भरले होते, एक सोडून. सातवा रकाना ‘स्थान’. तो कोरा होता. अर्ज द्यायची शेवटची तारीख तीस सप्टेंबर होती आणि आज सत्तावीस.

सहलीच्या फॉर्मवर मात्र त्यांनी माहेरचं नाव लिहिलं होतं. वृंदा राजाध्यक्ष. वृंदा सबनीस लिहिलं असतं तर या डोंगरात कुणीतरी नक्की विचारलं असतं, “केतकी सबनीस मॅडमच्या कोण तुम्ही?”

*

“आता मी जे सांगते ते नीट ऐका,” दमयंती म्हणाली. तिचं मराठी पहाडी वळणाचं, पण स्वच्छ होतं. “दहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला इथं आणलं नसतं. कुणीच आणलं नसतं. हिमनदी म्हणजे नदीच. वाहणारी. वर्षाला तीस मीटर सरकायची. सरकताना ताणली जायची, भेगा पडायच्या, भेगांवर ताजा बर्फ पडून झाकण बसायचं. वरून सपाट मैदान, खाली विहीर. आता ही नदी उभी आहे. तीन वर्षं झाली, एक नवी भेग नाही. म्हणून तुमच्यासारखे लोक सकाळी येतात, चालतात, फोटो काढतात, संध्याकाळी खाली जाऊन चहा पितात.”

“उभी कशी केली म्हणे?” देऊळकरांनी विचारलं.

दमयंतीनं काठीनं समोर दाखवलं. बर्फातून वर आलेली, माणसाच्या उंचीची, रुपेरी नळी. तिच्या डोक्यावर मोटरसायकलच्या इंजिनाला असतात तशा पत्र्याच्या पात्या. चाळीस पावलांवर दुसरी. मग तिसरी. हिमनदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रांग, आणि तिच्या वर तशाच आणखी रांगा. प्रत्येक नळीवर लाल रंगात आकडा.

ती समजावून सांगू लागली. वृंदाताईंना ते ऐकायची गरज नव्हती. त्यांना ते सात वर्षांपूर्वी साताऱ्याच्या ओट्यापाशी उभं राहून केतकीनं सांगितलं होतं, इडल्या होत असताना. “हे बघ आई,” तिनं इडलीपात्राचं झाकण उचललं होतं. “खाली उष्णता, पाण्याची वाफ होते, वर येते, झाकण थंड म्हणून तिचे थेंब होतात, परत खाली पडतात. माझी नळी म्हणजे हेच. हिमनदीच्या बुडाशी, खडकापाशी, शून्य अंश असतं. बर्फ तिथं जरासा वितळलेला असतो, आणि त्या पाण्यावरूनच सगळी नदी घसरते. हिवाळ्यात वरची हवा असते उणे वीस. नळीत असा द्रव भरायचा जो शून्यालाही उकळतो. बुडाशी त्याची वाफ होणार, जाताना तिथली उष्णता घेऊन जाणार, वर थंड होऊन परत खाली येणार. वीज नको, मोटर नको. उन्हाळ्यात आपोआप बंद. चार हिवाळ्यांत बूड गोठतं. आपला जुना फ्रिज आठवतो? बर्फाचा ट्रे खाली चिकटून बसायचा, आणि तू सुरीनं खरवडायचीस? तसा हा सगळा डोंगराएवढा ट्रे खडकाला चिकटून बसेल.”

“आणि त्यानं काय होईल?”

“बर्फ खाली उबेत यायचा थांबेल. खाली येतो म्हणून मरतो तो. वर राहिला तर जगेल. उन्हाळ्यात जिभेवर, म्हणजे नदीच्या खालच्या टोकावर, पांढरं कापड पांघरायचं, थंडी आली की गुंडाळायचं. ओढ्याला बारमाही पाणी राहील, आणखी शंभर वर्षं.”

हे सांगताना केतकीचे डोळे असे चमकत होते, की वृंदाताईंना पहिला प्रश्न सुचायलाच उशीर झाला. इडल्या काढून झाल्या, चटणी वाटून झाली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या,

“मग तुझे बाबा?”

केतकीनं पात्राचं झाकण परत ठेवलं होतं. वाफ सगळी निघून गेली होती तरी.

*

मुकुंद सबनीस पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता. वर्षभर कालव्यांच्या पाणीपाळ्यांवरून लोकांची भांडणं सोडवायची आणि सप्टेंबरात वीस दिवसांची रजा घेऊन हिमालयात जायचं, असा त्याचा शिरस्ता. दोन हजार पाच साली चौघे मित्र कालीधार हिमनदीवर गेले. वरच्या मुक्कामाहून उतरताना मुकुंद पुढे होता. बर्फाचं झाकण फुटलं आणि तो भेगेत गेला. वरून दोर सोडून पाहिला, हाका मारून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आलं. तिसऱ्या दिवशी ती भेग कुठली हेच ओळखू येईना. तो चौतीस वर्षांचा होता, वृंदा एकतीस, केतकी पाच.

बातमी कळल्यावर वृंदा दिरांबरोबर सुनोली गावापर्यंत आली होती. तिथल्या एका म्हाताऱ्यानं तिला उखळाजवळ बसवून सांगितलं, “बेटी, हा बर्फ कुणाचं ठेवून घेत नाही. माझ्या आज्याचं खेचर त्यानं नेलं, ते माझ्या बापानं परत पाहिलं, खोगिरासकट. वर नेतो, खाली आणून देतो. वेळ लागतो फक्त.”

ही गोष्ट खरी होती, आणि तिथंच सगळं चुकलं. खोटी असती तर वृंदा रडून मोकळी झाली असती.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. बारा वर्षं झाली तेव्हा दीर घरी आले. “वहिनी, आता त्याला मोकळं करू या.” वृंदाताई म्हणाल्या, “भाऊजी, तो बेपत्ता नाही. कुठं आहे ते मला ठाऊक आहे. तो वाटेत आहे.” दीर पुढच्या दिवाळीला आले नाहीत. त्यानंतरही फारसे आले नाहीत. वृंदाताई रक्तपेढीतल्या नोकरीवर जात राहिल्या, कुंकू लावून, मंगळसूत्र घालून. तिथल्या शीतकपाटांत पिशव्यांवर तारखा घातलेला प्लाझ्मा उणे तीस अंशांत वर्षभर टिकायचा. त्या पिशव्या हाताळताना त्यांना एक विचित्र धीर यायचा. थंडीत काही बिघडत नाही.

केतकी हिमनद्यांच्या अभ्यासाला गेली यात कुणाला नवल वाटलं नाही. कालीधारवर तिनं पहिल्या वर्षी बांबूच्या काठ्या रोवल्या, दुसऱ्या वर्षी येऊन त्या किती सरकल्या ते मोजलं. तिसऱ्या वर्षी रात्रीच्या गाडीनं साताऱ्याला आली, बूटही न काढता म्हणाली, “आई, दोन हजार सत्तेचाळीस. फार तर अठ्ठेचाळीस. बाबा जिभेशी पोचतील.” दोघी मायलेकी उंबऱ्यातच बसून खूप रडल्या, आणि मग भूक लागली म्हणून पिठलंभात खाल्ला.

त्यानंतरची पंधरा वर्षं वृंदाताई त्या तारखेच्या दिशेनं जगल्या. आणि दोन हजार बेचाळीस साली, मुकुंद जिभेपासून दीडशे मीटरवर असताना, त्याच्या लेकीनं नदी थांबवली.

शेवटचं बोलणं फोनवर झालं. “तू त्याला वाटेत अडवलंस,” वृंदाताई म्हणाल्या. “परक्या कुणी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं.” केतकी काहीतरी बोलत होती, ओढा आटलाय, वर साठलेलं तळं फुटून अर्धं सुनोली वाहून गेलंय, दोनशे घरं चार वर्षं तंबूत आहेत... वृंदाताईंनी फोन ठेवला. तीन वर्षं उचलला नाही.

मग वर्तमानपत्रात नियम छापून आला. थांबवलेल्या हिमनद्यांत ज्यांची माणसं आहेत त्यांनी अवशेषांसाठी अर्ज करावा. नेमकी जागा दाखवता आली तर प्रकल्पाला खणून द्यावं लागेल. मुदतीनंतर तो बर्फ कायमचा ‘जलठेवा’ होईल, मग त्याला कुणी हात लावायचा नाही.

नेमकी जागा. केतकीच्या जुन्या वहीतली आकडेमोड वृंदाताईंनी पुनःपुन्हा वाचली होती. जिभेपासून दीडशे मीटर, हे कळत होतं. पण नदीची रुंदी अर्धा किलोमीटर. ‘साधारण इथं’ असं रकान्यात लिहून चालणार नव्हतं. म्हणून त्या सहलीला आल्या होत्या. इथं येऊन नेमकं काय दिसेल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. निदान त्या पट्ट्यावरून एकदा चालून यावं, एवढंच मनात होतं.

*

अकराच्या सुमारास टोळी सगळ्यात खालच्या रांगेशी आली. बर्फ काचेसारखा नव्हताच, जाडेभरड्या मिठासारखा होता, काट्यांखाली करकरत होता. कुठेकुठे पन्हाळीतून निळंशार पाणी वाहत होतं. रजनी देऊळकरांनी त्यात बोट बुडवून “अगं बाप्पा!” केलं.

वृंदाताई घाईनं पुढे पाऊल टाकायला गेल्या आणि अडखळल्या. दोर ताणला गेला. दमयंती मागे वळून म्हणाली,

“सावकाश, माताजी. गाडी सुटत नाहीये.”

वृंदाताई जागच्या जागी थांबल्या. हे वाक्य त्यांचं होतं. केतकी लहानपणी दूध घटाघटा प्यायची, जिने धडाधडा उतरायची, तेव्हा त्या रोज म्हणायच्या. “सावकाश, गाडी सुटत नाहीये.” साताऱ्याच्या घराबाहेर त्यांनी ते कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“मराठी कुणाकडून शिकलीस तू?” त्यांनी विचारलं.

“मॅडमकडून. नळ्या बसवल्या त्या केतकी मॅडम. चार वर्षं मी त्यांच्या भोकं पाडणाऱ्या टोळीत होते. चुकलं की ओरडायच्या मराठीत. आधी शिव्या कळल्या, मग बाकीचं.”

“फार ओरडायची?”

“फार. पण जेवायच्या आमच्याबरोबर.” दमयंतीनं दोर सैल केला. “आमचं घर गेलं होतं ना पुरात. माझा मुलगा तंबूत जन्मला. आता राजम्याचं शेत परत उभं राहिलंय. ओढ्याला मे महिन्यातही पाणी असतं.”

वृंदाताई नळ्यांवरचे आकडे वाचत चालल्या. चौदा. पंधरा. सोळा. प्रत्येकीमधे चाळीस पावलं. त्यांनी मोजली होती, वाटेवर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. सतरा. मग चाळीस पावलं झाली, आणि तिथं नळी नव्हती. अठरा नंबर पुढे होती, आणखी पंचवीस पावलांवर.

“ही एवढी लांब का?”

दमयंती हसली. “ती आमच्या टोळीतली एक गोष्टच आहे. सगळ्या नळ्या सुतात. मॅडमनं एक वीत चुकली तर परत पाडायला लावलेलं आहे. आणि इथं सुरू केलेलं भोक स्वतः बुजवलं. आम्ही बारा मीटर खाली गेलो होतो. बर्फाचा गाभा वर आला, लांब कांडीसारखा येतो तो. मॅडमनं बघितला, आणि म्हणाल्या, मशीन बंद. गाभा कापडात गुंडाळून आपल्या तंबूत घेऊन गेल्या. दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, अठरा पुढे सरकवा. आम्हाला वाटलं, कुणा पंडितानं सांगितलं असेल, इथं देवीची जागा आहे. आमच्या बायका अजून इथं फूल ठेवतात. मॅडमही येतात दर सप्टेंबरात. एकट्या. इथं बसतात तासभर, आणि जातात.”

“सप्टेंबरात कधी?”

“अकरा तारखेला. चुकत नाही.”

मुकुंद अकरा सप्टेंबरला गेला होता.

बाकीचे पुढे बघत होते, धाकटा सुरतवाला फोटो काढत होता. वृंदाताईंनी खाली पाहिलं. राखी, करकरीत बर्फ, त्यावर बारीक खडे, आणि सुकून काळं पडलेलं एक झेंडूचं फूल. सातवा रकाना त्यांच्या पायाखाली होता.

“दमयंती,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडे संकटाचा फोन असतो ना? मला तुझ्या मॅडमला लावून दे.”

“माताजी, बरं वाटत नाहीये?”

“मी तिची आई आहे.”

दमयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं, खालच्या बर्फाकडे पाहिलं. तिला किती कळलं कुणास ठाऊक. तिनं दोरातून वृंदाताईंना सोडवलं, दुसऱ्या लांब दोरानं नळी क्रमांक सतराला वेगळी गाठ मारून दिली, फोन जोडून हातात दिला आणि बाकीच्यांना म्हणाली, “चला, त्या खडकापाशी बसून खाऊन घेऊ.”

*

“दमयंती? काय झालं? कुणी पडलं का?”

“मी बोलतेय.”

“आई? तू... हा फोन... कुठे आहेस तू?”

“सतरा आणि अठराच्या मधे.”

वाऱ्यानं नळीच्या पात्या बारीक वाजत होत्या.

“उभी आहेस की बसलीस?” केतकीनं विचारलं.

“उभी.”

“बस. खाली काहीतरी अंथर आधी.”

वृंदाताईंनी शाल काढून घडी अंथरली आणि गुडघ्यांना हात लावत कशाबशा बसल्या. “बोल,” म्हणाल्या.

“गाभ्यात लोकर होती. चार बोटं लांब धागा. बाटलीच्या काचेचा हिरवा.”

“त्याच्या स्वेटरची डावी बाही.” वृंदाताईंचा आवाज अगदी साधा निघाला. “विटकरी लोकर कोपरापर्यंत पुरली. दुकानात परत मिळेना, म्हणून पुढे हिरवी विणली. तो म्हणाला, असू दे, कोटाखाली कोण बघतंय.”

“घरातल्या बाबांच्या फोटोत दिसते ती बाही. मी लहानपणापासून तो फोटो बघतेय आई. चुकायला जागाच नव्हती.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं. कुठं आहे ते बोटभर अंतरानं ठाऊक होतं. आणि तरी थांबवलीस नदी.”

“हो.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुला ठरवावं लागलं असतं. एका बाजूला बाबा, एका बाजूला सुनोली. तू ठरवलं असतंस, आणि जे ठरवलं असतंस ते तुला मरेपर्यंत खात राहिलं असतं. मला वाटलं, मीच ठरवते. तू माझ्यावर राग धर. ते तुला सोपं जाईल.”

“सोपं!” वृंदाताई म्हणाल्या. “तीन वर्षं दिवाळीला एकटीसाठी चकल्या तळल्यात मी, सोपं म्हणे.”

केतकी हसली की रडली ते फोनवर कळलं नाही.

“अर्ज आणलाय मी,” वृंदाताई म्हणाल्या.

“वाटलंच. तो नियम माझ्याच भांडणानं आलाय. लोकांना त्यांची माणसं मागता यायला हवीत, म्हणून सहा महिने भांडले मी. आणि जागा मात्र लपवली.”

“काढायचं म्हटलं तर काय करावं लागेल?”

“सोळा ते एकोणीस, चार नळ्या उपटाव्या लागतील. गरम पाण्यानं चर खणायचा. दोन उन्हाळे. तेवढ्यात बूड सुटलं तर जीभ हलेल. कदाचित नाहीही हलणार. मला खात्रीनं सांगता येत नाही.”

“अर्ज आला तर सही कोण करणार?”

“मी.”

“करशील?”

“करीन,” केतकी म्हणाली. “तू मागितलंस तर करीन. आधी म्हटलं असतं नाही म्हणून. आता नाही म्हणवत. आई, मी दमलेय.”

त्या शेवटच्या दोन शब्दांनी वृंदाताईंच्या डोळ्यांपुढे एक दुपार उभी राहिली. छत्तीस वर्षांत त्यांनी ती एकदाही आठवू दिली नव्हती. केतकी नऊ वर्षांची, तापातून उठलेली, खाटेवर पाय हलवत बसलेली. “आई, आपण बाबांची वाट बघायची थांबलो तर चालेल का? थोडे दिवस?” आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली होती. एवढ्या अशक्त पोरीच्या. ती रडलीसुद्धा नाही. गालाला हात लावून म्हणाली, “बरं, बघू या वाट.” आणि बघत राहिली. शाळा, कॉलेज, बांबूच्या काठ्या, वह्या भरभरून आकडे. लग्न केलं नाही. पोरीचा सगळा जन्म त्यांनी आपल्या शेजारी बसवून घेतला होता.

“तू आता पंचेचाळीसची ना ग?” त्यांनी विचारलं.

“हो. का?”

“तो चौतीसचा आहे. बाहेर आला तर तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान दिसेल. मला तर आजी म्हणेल.”

“आई...”

“आपण ओळखू त्याला. पण तो आपल्याला ओळखायला काही उठणार नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण कुणी विचारलंच नाही, आणि मी कुणाला विचारू दिलं नाही.”

“बाबांना काय वाटलं असतं, असं मी कितीदा स्वतःला... ते पाण्याच्याच खात्यातले. ते म्हणाले असते...”

“नको.” वृंदाताईंनी तिला तोडलं. “त्याच्या तोंडी शब्द घालू नकोस. तो मेलाय, केतकी. त्याला मत नाही. जे करायचं ते आपल्या दोघींच्या नावावर.”

*तो मेलाय* हे त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. दोघींनाही ते ऐकू आलं.

खडकापाशी देऊळकर सगळ्यांना चिवडा वाटत होते. दमयंती त्यांच्यापासून जराशी दूर, इकडे पाठ करून उभी होती. तिनं चिवडा घेतला नव्हता. तिला मराठी येत होतं, आणि डोंगरात आवाज लांब जातो. तिचे खांदे वर ओढलेले होते, मारायला उगारलेल्या हाताखाली पोर उभं राहतं तसे.

“अर्ज करत नाही मी,” वृंदाताई म्हणाल्या.

“आई, तीन दिवस आहेत. घाई नको करू. नंतर तुला...”

“नंतर मला वाईट वाटणारच आहे. रोज वाटेल. त्याला इलाज नाही. पण एक लक्षात ठेव. तू परत असं काही माझ्यासाठी ठरवायचं नाहीस. मी म्हातारी आहे, काचेची नाही.”

“बरं.”

“आणि त्या लोकरीचं काय केलंस?”

“आहे माझ्याकडे. फ्रिजरमध्ये.”

“फ्रिजरमध्ये कशाला? धागा आहे तो. वाळव आणि ठेव कुठेतरी पुस्तकात.”

“बरं,” केतकी पुन्हा म्हणाली. आणि मग, नऊ वर्षांची असताना जशी बोलायची त्या बारीक आवाजात, “मी येऊ तिथं? उद्या दुपारपर्यंत पोचेन.”

“ये. मी सुनोलीत थांबते. जेवून नीघ.”

*

फोन ठेवल्यावर वृंदाताई तिथंच बसून राहिल्या. चाळीस वर्षांत त्यांनी मुकुंदला सांगायचं म्हणून केवढं काय काय साठवलं होतं. भांडणं होती, जाब होते, एक-दोन गुपितं होती. आता बारा मीटरवर तो होता, आणि त्यांना आठवलं ते भलतंच. तुझी सायकल शेजारच्या पोराला दिली रे. नळाला आता चोवीस तास पाणी असतं. कण्हेर वाळली, दुसरी लावली, तिला पांढरी फुलं येतात. केतकीचे केस पुढून पिकलेत, तुझ्या आईचे पिकले होते तसे. असलं काहीबाही त्या पुटपुटत राहिल्या. बर्फ खालून काही बोलला नाही. पूर्वी आत कुठेतरी तडकायचा, कण्हायचा म्हणे, मुकुंदच सांगायचा. आता उभा होता तर गप्प होता.

मग त्या रडल्या. फार वेळ नाही. थंडीनं गालांवर पाणी चरचरायला लागलं.

“माताजी,” दमयंती येऊन उभी राहिली. “ऊन तिरपं झालं. निघावं लागेल. मी काही ऐकलं नाही हं.”

“खोटं बोलतेस.”

“हो,” दमयंती म्हणाली, आणि एकदम खाली वाकून तिनं वृंदाताईंचे दोन्ही पंजे आपल्या हातांत घेतले. नखं बघायला घेतले असावेत असं वाटलं, पण तिनं नखं पाहिली नाहीत.

तिनं त्यांना उठवलं. सतराची गाठ सोडली, परत दोरात ओवलं. उतरताना वृंदाताईंना टोळीच्या मधे घेतलं, पुढे रजनीबाई, मागे देऊळकर. “उतारावर मागे वळायचं नाही,” तिनं सगळ्यांना बजावलं. “नजर आपल्या पायांवर. वळलात की तोल गेला.”

चाळीस वर्षं तो कुठेतरी निघालेला होता आणि वृंदाताई दारात होत्या. आज तो जागचा हलणार नव्हता आणि त्या निघाल्या होत्या. एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. करकर आवाज. सोळा. पंधरा. आकडे उलटे येत होते. चौदापाशी त्यांचा वेग इतका मंदावला की मागचा दोर सैल पडून बर्फावर लोळायला लागला.

“काकू,” मागून देऊळकरांनी हळूच विचारलं. आवाजात आता थट्टा नव्हती. “तिथं काही हरवलं होतं का तुमचं?”

“हो.”

“मग? सापडलं?”

“सापडलं.”

देऊळकर भला माणूस होता, त्याला राहवेना.

“मग आणलं नाही सोबत?”

रजनीबाईंनी न वळता दोराला एक हिसका दिला. “चूप बसा हो तुम्ही.”

“असू दे, विचारू दे त्यांना,” वृंदाताई म्हणाल्या. नजर पायांवर होती आणि पाय नीट दिसत नव्हते. “नाही आणलं. खाली लोकांना पाणी लागतं.”